वाचक विचारतात : एझ्रा कॉर्नेल, तारवाले सिनेटर

मागील अंकात तारायंत्राविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना वेस्टर्न युनियन कंपनीचा आणि तिच्या एका भागधारकाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न एकाच गृहस्थांकडे वळत असल्यामुळे हे सदर या वेळी सबंध त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्या बाजारपेठेत वेस्टर्न युनियनची पिवळी-काळी पाटी आहे. आखातात नोकरीला असलेली मुले तिथूनच घरी पैसे पाठवतात. ही कंपनी मुळात तारेची होती आणि तिच्या पायाशी एक सुतार होता, असे आपण लिहिलेत. तो सुतार कोण, आणि तारेच्या धंद्यात तो शिरला कसा? (एक वाचक, मालवण)

उत्तर : एझ्रा कॉर्नेल हे त्यांचे नाव. जन्म ११ जानेवारी १८०७, न्यूयॉर्क शहराचा जो भाग आज ब्राँक्स म्हणून ओळखला जातो तिथला. वडील कुंभारकाम करीत. घराणे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते आणि अकरा भावंडांत एझ्रा थोरले. शाळा थोडीच झाली. सुतारकाम मात्र हातात चांगले बसले आणि त्याच्याच बळावर ते १८२८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी, कायुगा सरोवराच्या दक्षिण टोकाला असलेल्या इथाका या गावी आले. तेथे जेरेमाया बीबी नावाच्या व्यापाऱ्याच्या गिरण्यांचे काम त्यांच्याकडे होते. गिरणीला पाणी हवे म्हणून त्यांनी फॉल क्रीक या ओढ्याच्या काठचा खडक सुरुंगांनी फोडून बोगदा काढला. अभियांत्रिकीचे कोणतेही शिक्षण नसताना केलेले हे काम पुढच्या सगळ्या उद्योगांची रंगीत तालीम ठरले, असे मला वाटते. १८३१ मध्ये त्यांनी मेरी अ‍ॅन वुड यांच्याशी लग्न केले. मेरी अ‍ॅन क्वेकर नव्हत्या, म्हणून पंथाने कॉर्नेल यांना बाहेर काढले. चूक झाली असे कबूल केल्यास परत घेऊ, असेही त्यांना सांगण्यात आले होते, परंतु त्यांनी ते मानले नाही.

१८३७ च्या आर्थिक संकटानंतर गिरण्यांचे काम आटले, आणि पस्तिशी गाठलेला, पोराबाळांचा हा माणूस एका सुधारित नांगराचे पेटंट विकण्यासाठी गावोगाव हिंडू लागला. एका अर्थाने हा नांगरच त्यांना तारेपर्यंत घेऊन गेला. १८४३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) तारायंत्राचे संशोधक सॅम्युएल मोर्स यांना वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी प्रायोगिक तार टाकण्यासाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. तार शिशाच्या नळीतून जमिनीखाली न्यायची होती आणि नळी पुरण्याचा ठेका मेन राज्यातील एफ. ओ. जे. स्मिथ यांच्याकडे होता. नांगराच्या विक्रीसाठी मेनमध्ये गेलेले कॉर्नेल स्मिथना भेटले, तेव्हा स्मिथ चर खणण्याचे यंत्र कसे करावे याची आकृती खडूने काढत बसले होते, असे सांगतात. कॉर्नेल यांनी नांगराचेच तत्त्व वापरून असे यंत्र करून दाखवले की, जे एकाच वेळी चर फाडील, नळी आत सोडील आणि माती मागे पडून चर आपोआप बुजेल. खेचरांची जोडणी लावून ते ओढायचे. आपल्याकडे तिफणीने पेरणी होते तेव्हा बी पडणे आणि माती पडणे जसे एकाच वेळी होते, तशीच काहीशी ही रचना म्हणता येईल.

यंत्र चालले, पण आतली तार चालेना, कारण नळीतील तारांवरचे आवरण निकामी ठरत होते. काम थांबवणे भाग होते, पण पैसा सरकारी होता आणि वर्तमानपत्रे टपून बसलेली होती. अशा वेळी मोर्स यांनी कॉर्नेल यांना बाजूला घेऊन, बोभाटा न होता काम थांबेल असे काही करता येईल का, असे विचारले. कॉर्नेल यांनी खेचरांना हाक मारली, यंत्राची मूठ धरली आणि ते सरळ एका खडकावर नेऊन आपटले. यंत्र मोडले आणि वृत्तपत्रांनी अपघाताची बातमी दिली. मोर्स यांना हवा होता तेवढा वेळ मिळाला. त्या हिवाळ्यात कॉर्नेल वॉशिंग्टनच्या ग्रंथालयांत बसून विजेवरची पुस्तके वाचत राहिले आणि तार जमिनीखालून न नेता खांबांवरून, वीज अडवणाऱ्या काचेच्या अटकावावर टेकवून न्यावी, या मताचे झाले. तसेच झाले, आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला मोर्स यांचा तो प्रसिद्ध बायबलमधला संदेश गेला.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे मात्र ओढगस्तीची होती. कॉर्नेल यांनी ठिकठिकाणी तारेच्या ओळी उभारल्या, एरी अँड मिशिगन नावाची कंपनी काढली आणि मजुरीच्या पैशाऐवजी अनेकदा कंपन्यांचे भागच (शेअर) घेतले. इकडे इथाकात मेरी अ‍ॅन यांना उधारीवर घर चालवावे लागत होते. त्याच दोन गावांमध्ये तीन-तीन कंपन्यांच्या तारा आणि कोणालाच नफा नाही, अशी स्थिती झाली, तेव्हा रॉचेस्टरच्या हायरम सिब्ली यांच्या कंपनीशी कॉर्नेल यांच्या ओळींचे एकत्रीकरण होऊन १८५६ मध्ये वेस्टर्न युनियन टेलिग्राफ कंपनी उभी राहिली. तिचे नाव कॉर्नेल यांच्याच आग्रहाने ठरले. घासाघीस करून जमवलेले ते कागदी भाग आता सोन्याच्या किमतीचे झाले आणि कॉर्नेल पुढे बरीच वर्षे या कंपनीचे सर्वांत मोठे भागधारक राहिले. पैसे पाठवण्याची सेवा कंपनीने १८७१ मध्ये सुरू केली. तार पाठवणे तिने २००६ मध्ये बंद केले, आणि आपल्या तारखात्याने २०१३ च्या जुलैत. पाटीवरची सेवा तेवढी टिकली.

प्रश्न : कॉर्नेल हे आमदारही होते असे वाचले. धनिक माणसे राजकारणात येतात ती बहुधा धंदा सांभाळायला. यांनी विधिमंडळात नेमके काय केले? (राज्यशास्त्राचा एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आधी रचना सांगतो. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाला तेव्हाही, आताप्रमाणेच, दोन सभागृहे होती : असेंब्ली आणि सिनेट. आपली विधानसभा आणि विधान परिषद डोळ्यांसमोर आणण्यास हरकत नाही, फक्त तिथल्या सिनेटचे सदस्यही थेट मतदारच निवडतात. त्या काळी असेंब्लीची मुदत अवघी एका वर्षाची आणि सिनेटची दोन वर्षांची होती. कॉर्नेल १८६२ आणि १८६३ या दोन वर्षी असेंब्लीत होते आणि १८६४ ते १८६७ अशी चार वर्षे सिनेटमध्ये. पक्ष लिंकन यांचा, म्हणजे रिपब्लिकन. ते बोलके सभासद नव्हते. उंच, कृश, गंभीर चेहऱ्याचे हे गृहस्थ बहुतेक वेळ गप्प बसत. गावाजवळ तीनशे एकरांची शेती घेऊन त्यांनी शॉर्टहॉर्न जातीची जनावरे पाळली होती आणि १८६२ मध्ये राज्याच्या कृषी संघाचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे सिनेटमध्ये कृषी समिती त्यांच्याकडे आली, हे स्वाभाविकच होते. इथाकाला मोफत सार्वजनिक ग्रंथालय देण्यासाठी त्यांनी एक लाख डॉलर दिले, आणि त्याची सनद विधिमंडळातून १८६४ मध्ये मंजूर झाली. सनदेचे ते विधेयक शिक्षणविषयक समितीकडे गेले. त्या समितीचे अध्यक्ष होते सिरॅक्यूसहून निवडून आलेले, वयाने तिशी नुकतीच ओलांडलेले अँड्रू डिक्सन व्हाइट, इतिहासाचे प्राध्यापक. या दोघांची ओळख इथली.

पुढे जे झाले त्याच्या मुळाशी २ जुलै १८६२ चा मॉरिल कायदा होता. यादवी युद्ध पेटलेले असताना लिंकन यांनी सही केलेल्या या कायद्याने, शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढण्यासाठी प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधील प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर केंद्राची जमीन देऊ केली. (आपल्याकडे १९६० मध्ये पंतनगरला आणि १९६८ मध्ये राहुरीला जी कृषी विद्यापीठे निघाली, त्यांच्या रचनेचा मूळ नमुना हाच.) न्यूयॉर्कचे सदस्य सर्वांत जास्त, तेव्हा त्याच्या वाट्याला ९ लाख ९० हजार एकर आले, आणि या घबाडावर राज्यातील प्रत्येक लहानमोठ्या महाविद्यालयाचा डोळा होता. ते प्रथम न्यूयॉर्क राज्यातल्याच हॅवाना गावच्या पीपल्स कॉलेजला देऊ केले गेले, पण त्या संस्थेला अटी पाळता येईनात. मग ओव्हिड येथील कृषी महाविद्यालयाचे विश्वस्त असलेले कॉर्नेल यांनी निम्मा वाटा त्या महाविद्यालयाला मिळावा, असे विधेयक आणले. व्हाइट यांनी ते आपल्या समितीत दाबून ठेवले. निधी वाटून टाकला तर कोठेच काही उभे राहणार नाही, सगळा पैसा एकाच जागी लावला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. दोघे सिनेटर असे समोरासमोर उभे ठाकले, पण कॉर्नेल यांनी ही गाठ अहंकाराची होऊ दिली नाही. आपल्या कुटुंबाला लागेल त्यापेक्षा पाचेक लाख डॉलर आपल्याजवळ जास्त आहेत, त्यांचे राज्यासाठी सर्वांत चांगले काय करता येईल, असा प्रश्न त्यांनी एके दिवशी व्हाइट यांनाच केला. प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन असे विचारणारे आमदार त्या विधिमंडळात फार नसावेत, आणि आज कोठल्याही विधिमंडळात ते शोधावे लागतील.

ठरले ते असे की कॉर्नेल यांनी पाच लाख डॉलर आणि इथाकाच्या टेकडीवरची आपली शेती द्यावी, राज्याने मॉरिल कायद्याची सगळी जमीन त्याच संस्थेला जोडावी. संस्थेला कॉर्नेल यांचे नाव देण्याची सूचना व्हाइट यांची होती, स्वतः कॉर्नेल त्याला फारसे राजी नव्हते. तरीही विधेयक येताच, हा माणूस सरकारी जमिनीवर स्वतःचे स्मारक बांधतो आहे, अशी ओरड झाली. देणगी देणाऱ्यालाच चोर म्हणण्याचा तो प्रकार होता. एका समितीपुढे असा मारा चालू असताना कॉर्नेल शेजारी बसलेल्या व्हाइट यांच्याकडे वळून म्हणाले की, पाच लाखांत राज्याचे एवढेच भले होईल असा दुसरा मार्ग सुचला असता, तर या विधिमंडळाला मी आणखी त्रास दिला नसता. मते मिळवण्यासाठी लिमा गावच्या जेनेसी महाविद्यालयाला २५,००० डॉलर द्यावेत, अशी अट त्यांच्या गळ्यात बांधण्यात आली, आणि ती त्यांनी पाळली. २७ एप्रिल १८६५ रोजी, लिंकन यांच्या हत्येनंतर दोन आठवडे होत नाहीत तोच, गव्हर्नर फेंटन यांची विद्यापीठाच्या सनदेवर सही झाली.

म्हणून या विद्यार्थिमित्राच्या शंकेचे उत्तर असे की, धंदा सांभाळण्यासाठी राजकारण हे समीकरण इथे उलटे पडते. कॉर्नेल यांच्या धंद्यातला पैसा राजकारणातून आला नाही, राजकारणात तो खर्च झाला. पण ते भोळे दानशूर होते असेही मी म्हणणार नाही. याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : कॉर्नेल विद्यापीठाला मिळालेल्या जमिनी प्रत्यक्षात एझ्रा कॉर्नेल यांनीच विकत घेतल्या, असे एका ठिकाणी वाचनात आले. राज्याचा सिनेटर आणि राज्याच्या जमिनीचा खरीददार एकच, हा भ्रष्टाचार नव्हे काय? (निवृत्त नायब तहसीलदार, नागपूर)

उत्तर : महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसानेच हा प्रश्न विचारावा, हे योग्यच आहे. व्यवहार समजून घेण्यासारखा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

न्यूयॉर्क राज्यात केंद्राची मोकळी जमीन शिल्लकच नव्हती. अशा राज्यांना केंद्राने जमिनीऐवजी हक्कपत्रे दिली. ज्याच्या हाती हक्कपत्र, त्याने पश्चिमेकडील मोकळ्या सरकारी जमिनीतून तेवढे एकर निवडून स्वतःच्या नावावर करून घ्यायचे. मात्र एका राज्याने दुसऱ्या राज्यात जमीन धारण करायची नाही, अशी कायद्यात तरतूद होती. म्हणजे राज्याने हक्कपत्रे विकायचीच, स्वतः जमीन निवडायची नाही. साहजिकच सगळ्या पूर्वेकडच्या राज्यांनी ती एकाच वेळी बाजारात ओतली. सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर असताना हक्कपत्राचा भाव पन्नास-साठ सेंटपर्यंत कोसळला. पीक निघाल्याबरोबर सगळ्यांनी एकदम बाजारात माल नेला की जे होते तेच. बऱ्याच राज्यांनी मिळेल त्या भावाला विकून हात झटकले.

कॉर्नेल यांचा हिशेब वेगळा होता. राज्य जमीन धरून ठेवू शकत नाही, पण खासगी माणूस ठेवू शकतो. म्हणून त्यांनी १८६६ मध्ये राज्याशी करार केला की, उरलेली हक्कपत्रे आपण बाजारभावाने घेऊ, स्वतःच्या नावे जमिनी निवडू, त्यांवरचे कर आणि सगळा खर्च स्वतः भरू, भाव वाढेपर्यंत थांबू, आणि विक्रीनंतर खर्च वजा जाता जो नफा उरेल तो सगळा विद्यापीठाच्या निधीत जमा करू. स्वतःसाठी त्यात एक सेंटही नव्हता. त्यांनी माणसे पाठवून विस्कॉन्सिन राज्यातील चिप्पेवा नदीच्या खोऱ्यात उंच पाइन वृक्षांची जंगले निवडली आणि एकंदर सुमारे पाच लाख एकर जमीन राखली. शिकागोसारखी शहरे लाकडाने बांधली जात होती, तेव्हा हे लाकूड आज ना उद्या महागणार, हे त्यांनी ओळखले होते. तारेच्या कंपन्यांचे कवडीमोल भाग वर्षानुवर्षे धरून ठेवणाऱ्याची हीच जुनी सवय. वर्षामागून वर्षे कर मात्र भरावे लागत होते आणि त्या भाराखाली ते वाकले, पण जमीन विकली नाही.

तरीही संशय सुटला नाही. १८७३ मध्ये असेंब्लीत जेरेमाया मॅग्वायर या सदस्याने त्यांच्यावर जमीन लाटल्याचा उघड आरोप केला. त्या वर्षी असेंब्लीच्या अध्यक्षपदी होते कॉर्नेल यांचेच चिरंजीव अलॉन्झो, त्यामुळे आरोपाला अधिकच धार आली. चौकशी आयोग नेमला गेला. त्यावर माजी गव्हर्नर होरेशिओ सेमोर होते, म्हणजे विरुद्ध पक्षाचे वजनदार पुढारी. आयोगाने कॉर्नेल यांना निर्दोष ठरवले. तेव्हा आपल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर 'नाही' असेच आहे. पण एक पदाधिकारी आणि एक खरीददार एकाच अंगरख्यात असला की आरोप होणारच, आणि व्हायला हवेतही. त्या आरोपांमुळे सगळे हिशेब उघड्यावर आले, हे मला त्या विधिमंडळाच्या बाजूचे वाटते.

कॉर्नेल यांच्या निधनानंतर लाकडाचे व्यापारी आणि विद्यापीठाचे विश्वस्त हेन्री सेज यांनी हे धोरण पुढे चालवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या जमिनींतून विद्यापीठाला सुमारे ५० लाख डॉलर निव्वळ मिळाले. मॉरिल कायद्याने सगळ्या राज्यांना मिळून जी जमीन दिली, तिचा जेमतेम दहावा भाग न्यूयॉर्कचा होता, पण साऱ्या देशाला त्या कायद्यातून मिळालेल्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा या एका भागातून आला.

आता जी बाजू त्या काळच्या कोणत्याही चौकशीत आली नाही ती. 'मोकळी सरकारी जमीन' हा शब्दप्रयोग मी वर सहज वापरला, तो कायद्याचा आहे. चिप्पेवा खोऱ्यातली ही जंगले ओजिब्वे लोकांची होती आणि १८३७ च्या तहाने ती त्यांच्याकडून फारच अल्प मोबदल्यात घेतली गेली होती. कॉर्नेल यांनी ती ओजिब्वेंकडून हिरावली नाहीत, पण त्यांनी ज्या वाढत्या भावाची वाट पाहिली तो भाव कोणाच्या तरी गेलेल्या जंगलाचा होता. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत या हिशेबाची फेरतपासणी सुरू झाली आहे आणि त्यात सर्वांत मोठ्या लाभार्थ्यांमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे नाव येते.

प्रश्न : मुलींच्या शिक्षणाविषयी त्यांचे मत काय होते? (शिक्षिका, सातारा)

उत्तर : अनुकूल, आणि विद्यापीठ उघडण्यापूर्वीपासून. १८६७ मध्ये आपल्या लहानग्या नातीला, युनिसला, लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले आहे की, मुलांप्रमाणे मुलींनीही या विद्यापीठात शिकावे आणि शहाणे व समाजोपयोगी होण्याची तीच संधी त्यांना मिळावी, अशी आपली इच्छा आहे. ७ ऑक्टोबर १८६८ रोजी विद्यापीठ सुरू झाले तेव्हा मात्र ४१२ विद्यार्थी होते ते सगळे मुलगे. पहिली विद्यार्थिनी १८७० मध्ये आली, पण राहण्याची सोय नसल्याने ती टिकू शकली नाही. सेज यांनी मुलींच्या वसतिगृहासाठी देणगी दिली आणि १८७२ पासून प्रवेश रीतसर खुला झाला. १८७३ मध्ये त्या इमारतीच्या कोनशिलेत कॉर्नेल यांनी एक बंद पत्र ठेवले. ते सहशिक्षणाबद्दलच असणार, असा सगळ्यांचा समज होता. १९९७ मध्ये ते बाहेर काढून वाचले, तेव्हा त्यात विद्यापीठाला खरा धोका धर्मपंथांच्या भांडणांचा आहे, असा इशारा निघाला. लग्नापायी पंथाबाहेर पडलेल्या माणसाने तो लिहिला होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे नवल वाटत नाही.

त्यांची दुसरी एक आवडती कल्पना, विद्यार्थ्यांनी अर्धा दिवस अंगमेहनत करून शिक्षणाचा खर्च भागवावा ही, फसली. शिकवण्याचे तास आणि मजुरीचे तास एकमेकांत बसेनात. स्वतः श्रमाने वर आलेल्यांना हे पटणे जड जाते.

प्रश्न : शेवटी त्यांच्याजवळ काय उरले? आणि विद्यापीठाशी आपला काही संबंध? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : विद्यार्थ्यांना इथाकाला येता यावे म्हणून त्यांनी तीन लहान लोहमार्गांत पैसा घातला आणि त्यातला फार मोठा भाग बुडाला. आजारपण आले, कर्जे वाढली, आणि १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये जमिनींचा करार त्यांनी विद्यापीठाकडे सोपवला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला इथाकात त्यांचे निधन झाले. टेकडीच्या उतारावर ते एक दगडी वाडा बांधत होते, पण तो पुरा झाला नव्हता, त्यामुळे त्यात राहणे त्यांच्या नशिबी आले नाही. 'लेनरॉक' या त्या वाड्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे मागून वाचली की कॉर्नेल होते. चिरंजीव अलॉन्झो, ज्यांची सुरुवात तारमास्तर म्हणून झाली होती, १८८० ते १८८२ या काळात राज्याचे गव्हर्नर झाले.

आपल्याकडचा परिचित दुवा म्हणजे मुंबईचे रतन टाटा. वास्तुशास्त्राची पदवी त्यांनी याच विद्यापीठातून घेतली आणि २००८ मध्ये टाटा ट्रस्ट्सनी त्याला ५ कोटी डॉलरची देणगी दिली. त्यातील एक भाग भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी होता.